पायाने उघडणारा डबा

त्या गल्लीत टिकाऊकाकांना विचारल्याशिवाय कुणी साधी बादलीसुद्धा घेत नसे. नळ बसवायचा असो, खुर्ची घ्यायची असो, आधी काकांना विचारा. नव्या सुनेने कुकर आणला की तो चुलीवर चढण्याआधी काकांच्या ओट्यावर जाऊन येई. काका त्याचा दांडा हलवून बघत, झाकण कानाशी धरून उघडमीट करत, खालची कड अंगठ्याने चाचपत आणि मग सांगत, "जाईल दहा वर्षं," नाहीतर, "परत कर." या दोनांच्या मधलं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. कुणी म्हणालं, "पण काका, रंग किती छान आहे," तर काका त्या माणसाशी दोन दिवस नीट बोलत नसत.

याला कारण होतं. काकांनी उभं आयुष्य वस्तू मोडण्यात घालवलं होतं, आणि तेही पगार घेऊन. इस्पितळांना लागणारी पोलादी कपाटं, खाटा, ढकलगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. कपाटाचं दार चाचणीच्या मांडणीवर चढवायचं आणि उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं, ते मोडेपर्यंत. मोडलं की आकडा लिहायचा. वीस हजारांच्या आत मोडलं तर सगळा माल परत. सुरुवातीची वर्षं हे काम हाताने चाले, पुढे यंत्र आलं आणि काका शेजारी बसून नुसता आवाज ऐकायला लागले. वस्तू मोडण्याच्या बरीच आधी कुरकुरते, एवढं त्यांना कळायचं. तेहेतीस वर्षांत त्यांनी एकच शहाणपण मिळवलं होतं आणि ते ते फुकट वाटत असत: वस्तू मधे मोडत नाही, सांध्यात मोडते. सांधा बघा, बाकीचा सगळा रंग.

त्यांची बायको, गल्लीतल्या सगळ्यांची काकू, एका शाळेत पंचवीस वर्षं झाडलोट करत होती. शेवटची सहा वर्षं तर तिच्या हाताखाली चार बाया होत्या. नवी बाई आली की काकू तिला पहिल्या दिवशी एवढंच सांगे, की खोली झाडून झाली असं म्हणायचं नाही, कचरा उचलून डब्यात पडला की मग म्हणायचं. निम्म्या बाया कोपऱ्यात ढीग करून चहाला जातात, त्यांना काकू माणसात धरत नसे. घरी तिचा केरसुणीवरचा हात बघण्यासारखा होता. सुपली भरली की ती डब्यात उलटी करून कडेवर दोनदा आपटायची, ठक ठक, आणि त्या आवाजाने काकांना सकाळ झाल्यासारखं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी काकू विसरायला लागली. आधी नावं, मग वार, मग दुधाचं भांडं गॅसवर. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते काकांनी पाठ करायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी त्यांच्या सवयीचा प्रश्न विचारला, "किती वर्षं जाईल?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कधी हळू उतरतं, कधी भराभर, पण चढत मात्र नाही. हे कसलं उत्तर, असं काकांना घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

मग घरातली कामं काकूच्या हातून एकेक करून सुटत गेली. पातेलं जळून कोळसा झालं तेव्हा स्वयंपाक सुटला. ती भाजी आणायला गेली आणि दुपारी कुणा अनोळखी माणसाने तिला घरी आणून सोडलं, तेव्हा बाजार सुटला. साबणाऐवजी पीठ कालवून कपडे भिजवले तेव्हा धुणं सुटलं. काका स्वयंपाक शिकले, म्हणजे उकडायला शिकले. काकूकडे शेवटी एक झाडणं राहिलं आणि कचरा टाकणं राहिलं. ते मात्र ती पूर्वीसारखंच करायची, दिवसातून चार वेळा, आणि ते करताना तिच्याकडे बघितलं तर तिला काही झालंय असं कुणी म्हणालं नसतं.

नेमकं घोडं इथेच पेंड खात होतं. कचरा कुठला आणि वस्तू कुठली हे काकूला कळेनासं झालं. फणी गेली, चष्मा गेला, काकांचं घड्याळ गेलं. त्या घरात खिळासुद्धा पारखून आणलेला, पण कचऱ्याला म्हणून रंगाचा जुना प्लॅस्टिकचा डबा होता, कड चिरलेला, आ वासलेला. घाण ठेवायला टिकाऊ कशाला, असं काकांचं म्हणणं. त्या डब्यात एक दिवस काकूचे दात गेले. तिने कवळी काढली, कागदात छान गुंडाळली, पुडी केली आणि पुडी म्हणजे कचरा, म्हणून टाकली. दोन दिवस दोघांनी पलंगाखाली आणि उशांच्या खोळीत शोध घेतला, तोवर दात कचरागाडीतून कुठल्या कुठे पोचले होते.

दुसरी कवळी केली. ती महिन्याभरात बटाट्याच्या सालींत सापडली, तीही काकांचा पाय डब्याला लागून तो कलंडला म्हणून. दातांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं, की हिरड्या आकसल्या आहेत, तिसरी कवळी बसेल असं वाटत नाही, आणि माप घ्यायचं म्हणाल तर मी काही पुन्हा तोंडात बोट घालणार नाही. मागच्या वेळी माप घेताना काकूने त्यांचं बोट चावलं होतं, बिनदातांनी का होईना, पण मनापासून. डॉक्टरांनी ते बोट काकांना दाखवलं. "हे शेवटचे दात समजा," ते म्हणाले. "हे गेले तर पुढे सगळं कुस्करून आणि पातळ. आणि त्यांचं वजन आधीच किती उतरलंय, बघताय ना?"

काका बघत होते. दात आहेत तर चणे नाहीत, असं लोक म्हणतात. इथे चणे होते आणि दात रोज उठून कचऱ्याकडे निघाले होते. घरातलं एवढं सगळं हातून जात असताना निदान हे दात तरी राखायचे, असं काकांनी मनाशी ठरवलं. आणि राखायचे तर कचऱ्याचा डबा बदलायला हवा.

लेक दुसऱ्या गावी होती. तिने फोनवर चित्रं पाठवली. नुसता हात वर धरला की आपोआप उघडणारा डबा, आत दिवा लागणारा डबा, बोलणारासुद्धा एक होता. जावईबापूंनी सुचवलं की दातांना भोक पाडून दोरी बांधावी आणि ती आईंच्या गळ्यात घालावी. उंटावरून शेळ्या हाकायला पैसे पडत नाहीत, हे काका मनात म्हणाले. फोनवर म्हणाले, बघतो. हात धरला की उघडणारा डबा म्हणजे चोराला दार उघडून देण्यासारखंच होतं. शिवाय त्याला बॅटरी लागणार, आणि ज्याला बॅटरी लागते ते टिकाऊ नाही, हे तर लहान पोरालाही कळतं.

दोन दिवस काका भांड्यांच्या मोठ्या दुकानात जात होते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळे प्लॅस्टिकचे डबे निकालात काढले. झुलत्या झाकणाचा डबा नुसत्या धक्क्याने आत घेतो, म्हणजे तो नको. वेताचा नको, त्याला झाकण टोपीसारखं असतं. दुसऱ्या दिवशी ते पोलादी डब्यांपाशी आले. गुडघ्याएवढा उंच, जाड पत्र्याचा, पायाने दाबायचा एक डबा त्यांनी ओढून मधे घेतला, स्टूल मागितलं, बसले आणि पाय चालवायला लागले. खट, उघड. धप, मीट. दुकानातली विक्रेती मुलगी आधी तोंडावर हात धरून हसली. शंभर झाल्यावर हसायची थांबली. अडीचशेच्या सुमाराला तिने काकांना पाणी आणून दिलं. चारशेला दुकानदार स्वतः आला आणि म्हणाला, की आजोबा, घ्यायचा नसेल तर ठेवा, झिजेल तो. काका म्हणाले, झिजतो का तेच बघतोय.

पाचशेला त्यांनी पाय काढला आणि डबा उलटा करून कब्जा, म्हणजे झाकणाची बिजागरी, बघितला. दोन्हीकडे दुहेरी ठोकलेल्या रिबिटा, पत्रा दुमडून आत वळवलेला, दांड्याला सळई, तार नव्हे. कब्ज्याच्या आत एक छोटा खटका होता, त्यामुळे झाकण नुसत्या हाताने उचलू म्हटलं तर उचलत नव्हतं, पायच लागायचा, आणि पायही जरा जोरात लागायचा. काकांना आपल्या खात्यातल्या कुणा माणसाने हा डबा केला असावा असा संशय आला. कितीतरी महिन्यांनी त्यांना आनंद झाला. दुकानदाराने विचारलं, घरात माणसं किती, म्हणजे केवढा देऊ? काका म्हणाले, दोन.

दोन माणसं कुठली, हे दुकानदाराने विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या मनातही आलं नाही. तपासणी खात्यात दार मोडतं, कब्जा मोडतो, खिळा मोडतो. उघडणारं माणूस मोडत नाही, असंच धरून चाललेलं असतं. तेहेतीस वर्षांत त्या मांडणीपुढे कुणी असा माणूस आणून उभा केला नव्हता, की ज्याला दार म्हणजे काय ते आठवत नाही.

डबा घरी आला त्या दिवशीच रंगाचा जुना डबा कचरागाडीत गेला. पहिला आठवडा तर मजेत गेला. दात रात्री वाटीत, सकाळी तोंडात. नवा चष्मा जागच्या जागी. काकांनी लेकीला फोन करून सांगितलं, आणि सांगताना थोडी बढाईही मारली, ती त्यांना शोभूनही दिसली. आठव्या दिवशी घरात वास यायला लागला.

आधी वाटलं उंदीर मेला असेल. काकांनी कपाटं सरकवली. चपलांच्या फळीवर, आपल्याच बुटात, त्यांना केळ्याच्या साली सापडल्या, नीट घड्या घालून कोंबलेल्या. मग गादीखाली चहाचा चोथा सापडला, कागदात बांधलेला. कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांच्या मागे, अंड्यांची टरफलं. काकूच्या झग्याच्या दोन्ही खिशांत केर होता, केसांच्या गुंतवळांसकट. आयुष्यभर कोपऱ्यात ढीग ठेवणाऱ्या बायांना नावं ठेवलेली ही बाई, आणि घरभर उकिरडा. काका चिडले. चिडून तिला शोधायला स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले.

काकू डब्यासमोर उभी होती. हातात भरलेली सुपली. तिने डब्याला एक फेरी घातली, मग उलट्या बाजूने दुसरी. झाकणावरून हात फिरवला, कडेला नख लावून बघितलं. सुपली तिरपी होऊन थोडा केर सांडला, तो तिने घाईघाईने वाकून गोळा केला आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. काका दिसले.

"याला तोंड नाही हो," ती म्हणाली.

काकांचा राग जिथल्या तिथे गळाला. तिला कळत होतं की हा कचऱ्याचा डबा आहे. कचरा यातच टाकायचा हेही कळत होतं. फक्त तो उघडत कसा नाही, हे तिला कळत नव्हतं, आणि लाजेने ती ते आठ दिवस कुणाला सांगत नव्हती. शाळेत तिच्या हाताखालच्या बाया जसं करायच्या तसं तिने केलं, कचरा दडवला.

काकांनी शिकवायला घेतलं. यात शिकवण्यासारखं ते काय, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पाय ठेव, दाब, टाक, पाय काढ. चार गोष्टी. काकूच्या डोक्यात एका वेळी दोन राहायच्या. पाय ठेवून दाबलं की झाकण उघडायचं, ते उघडलेलं बघून ती दचकायची आणि पाय काढायची, की झाकण बंद. नाहीतर दाबून उभी राहायची, उघड्या डब्यात बघत, आणि हातात कचरा आहे हे विसरायची. सकाळी जमलं तर दुपारी जायचं. सहा दिवस काका तिच्याबरोबर त्या डब्यापुढे उभे राहिले. सवयीने त्यांनी मोजलं होतं: एकशे ब्याण्णव वेळा. एकशे ब्याण्णवाव्या वेळी सुपली त्यांच्या पायावर सांडली आणि ते ओरडले. ओरडले म्हणजे चांगलेच ओरडले, शेजारच्या शिंपिणीने खिडकी उघडली इतके.

काकूने काकांच्या बाहीला हात लावला आणि म्हणाली, "रागावू नका. मी शिकेन हो. नवी बाई कामावर आली की तिलाही वेळ लागतो. काढून टाकू नका मला."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. काका मोरीत जाऊन तोंड धुऊन आले, नुसतं पाणी मारत राहिले. चूक तिची नव्हती हे त्यांना दिसत होतं. दात वाचवायला म्हणून त्यांनी तिचं उरलंसुरलं एकुलतं काम काढून घेतलं होतं, आणि तेही पाचशे वेळा पाय आपटून, पारखून. गल्लीतल्या कुठल्याही अडाण्याने आणला असता तर तो डबा एव्हाना मोडला असता आणि काकू सुटली असती.

मग त्यांनी उघडा डबा करायचं ठरवलं. म्हणायला सोपं होतं, होईना मात्र. त्यांनी नवी बादली आणून ठेवली. काकूने त्यात पाणी भरलं, कारण बादली म्हणजे फरशी पुसायची, हे तिच्या हाताला अजून आठवत होतं. मग त्यांनी पोलादी डब्याचंच झाकण उघडून मागे सुतळीने बांधलं. लोंबती सुतळी काकूला बघवेना, तिने ती सोडली, बोटांवर गुंडाळली आणि खिशात टाकली. असं तीनदा झालं. मग काकांनी झाकणात लाकडाचा तुकडा अडकवला. लाकडाचा तुकडा म्हणजे कचराच, काकूने तो काढून आत टाकला, आणि झाकण त्याच्यावर बसलं. हे बघून काकांना हसू आलं, आणि हसता हसता दम लागला.

शेवटी त्यांनी कब्जाच कापायला घेतला. खटका काढायचा तर तो कब्ज्याच्या आत, आणि कब्जा रिबिटांखाली. दुपारी काकू झोपल्यावर ते डबा आणि करवत घेऊन मागच्या दाराबाहेर बसले. दुहेरी रिबिटा होत्या. पत्रा दुमडून आत वळवलेला होता. ज्याने तो केला त्याने मन लावून केला होता, आणि काका त्या माणसाला, जो कुणी असेल त्याला, शिव्या देत होते. एक पातं मोडलं, दुसरं मोडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की कब्जा जरा वाईट असता तर बरं झालं असतं. फिटरला हाक मारायची तर तो विचारणार, काका, तुम्हीच घेतलेला डबा तुम्हीच का कापताय? अडीच तासांनी झाकण सुटलं. काकांच्या तळव्याला चीर पडली होती. ते हातात झाकण घेऊन बसले आणि रडले. त्यांना कुणी बघितलं नाही, पण बघितलं असतं तरी त्यांना त्या वेळी काही वाटलं नसतं.

काकू उठली, तिने झाडून काढलं, सुपली घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिला डब्याचं तोंड सापडलं. ठक ठक. बाहेर येऊन ती काकांना म्हणाली, झालं हो सगळं. चपलांची फळी, गादी, कपाट, सगळं त्या दिवसापासून स्वच्छ राहिलं. आणि चौथ्या दिवशी वाटीत दात नव्हते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? काकांनी डबा उचलला, मागच्या दाराबाहेर फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सगळा उपसून काढला. दात सापडले, टोमॅटोच्या सालीत. त्या दिवसापासून ते रोजचंच होऊन बसलं. कचरागाडी सातला येई. काका सहाला उठत, कारखान्यातला जुना निळा डगला अंगावर चढवत, हातमोजे घालत, कानावरून फडकं बांधत, ते नाकावरूनही घेत, आणि डबा बाहेर नेऊन चाळत बसत. काकू तेव्हा झोपलेली असे. चमचे सापडत, काकूची एक बांगडी सापडली, एकदा लेकीचा लहानपणीचा फोटो सापडला, चहाने भिजलेला. दात पाच आठवड्यांत अकरा वेळा सापडले. ते धुऊन, पुसून, ती उठायच्या आत काका वाटीत ठेवून देत. रात्री वाटी लपवून ठेवावी तर ती दात शोधत बसे, रडे, आणि मग ओठांवर बोट ठेवून घरभर फिरे. तेही करून झालं होतं.

याच सुमाराला कोपऱ्यावरचा न्हावी काकांना विचारायला आला, की घरी कचऱ्याचा डबा घ्यायचाय, टिकेल असा कुठला घेऊ? काका म्हणाले, "मला नाही बाबा सांगता येत." न्हाव्याला वाटलं, म्हाताऱ्याला आताशा भाव चढलाय. तो तसं दुकानात चार जणांना बोललाही.

त्या सकाळी थंडी होती आणि फटफटलं होतं नुकतंच. काका उकिडवे बसून चाळत होते. आदल्या दिवशी काकूने झाडलोट जास्तच केली होती, डबा काठोकाठ भरला होता. गुडघे दुखत होते. दात अगदी तळाशी होते, ओल्या कागदात. ते मुठीत आले तसा काकांनी श्वास सोडला, आणि मान वर केली तर दारात काकू उभी होती.

ती त्यांच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. थोडा वेळ बघून ती आत गेली. काकांना वाटलं, तहान लागली असेल, उठलीच आहे तर दात धुऊन देऊ या. ते पसारा गोळा करायला लागले. तेवढ्यात काकू परत आली. तिच्या हातात ताटली होती. ताटलीत रात्रीचा उकडलेला बटाटा होता आणि पावाचे दोन तुकडे, दुधात भिजवून मऊ केलेले; काका तिच्यासाठी झाकून ठेवत ते. ती वाकली आणि ताटली तिने वर्तमानपत्राच्या कडेला, स्वच्छ जागा बघून ठेवली.

"बाबा, असं कचऱ्यातलं खाऊ नये," ती म्हणाली. दात नसल्यामुळे शब्द ओले येत होते, पण शांत होते. "हे घ्या."

"अगं, मी..." काका म्हणाले, आणि त्यांनी फडकं तोंडावरून खाली ओढलं.

तिने त्यांचा चेहरा बघितला. नीट बघितला. "लाजू नका," ती म्हणाली. "आमचे हे आत झोपलेत. उठले तरी काही बोलणार नाहीत, स्वभावाने चांगले आहेत ते."

काकांनी तिच्या मागे, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बघितलं. ती खायची वाट बघत उभी होती, म्हणून त्यांनी हातमोजा काढला आणि पावाचा तुकडा उचलला. दुसऱ्या मुठीत दात होते, ते त्यांनी डगल्याच्या खिशात सरकवले.

"घरी कुणी नाही का तुमचं?" काकूने विचारलं.

"आहे," काका म्हणाले. "बायको आहे."

"मग ती कसं काय असं येऊ देते तुम्हाला?"

"बरं नसतं तिला."

काकूने मान हलवली. तिला हे पटलं. काका खात होते तोवर ती तिथेच थांबली, मधेच म्हणाली, सावकाश खा. बटाटा संपला तशी तिने ताटली उचलली, फरशीवर पडलेला पावाचा चुरा बोटाने टिपून डब्यात टाकला.

"उद्याही या," ती म्हणाली. "जरा लवकर या, सातला गाडी येते. आणि जाताना हे सगळं भरून ठेवा, मला पुन्हा झाडावं लागतं."

"येतो," काका म्हणाले.

काकू आत गेली आणि अनोळखी माणूस बाहेर असताना बाईमाणूस जसं लावून घेतं तसं तिने दार लावून घेतलं. काकांनी वर्तमानपत्र गोळा केलं, कचरा डब्यात भरला, फरशी पुसली. मग दारावर थाप मारायला त्यांनी हात उचलला, पण कोण आलंय म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते त्यांना कळेना. ते पायरीवर बसून राहिले.